गोल्फचे किट प्रवासाला नेताना

देवनारचा कत्तलखाना, कचराभूमी आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांच्यामुळे गोवंडीचे नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. याच परिसरालगत, चेंबूरच्या बाजूस, डॉ. चोइथराम गिडवाणी मार्गावर बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे अठरा होलचे हिरवेगार मैदान आहे, हे मात्र हार्बर मार्गाने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ही संस्था १९२७ साली स्थापन झाली. ताडदेवजवळचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब तिच्याहून जुना, १९१८ चा. या मैदानांवर सभासदांच्या जोडीने वावरणारा दुसरा वर्ग म्हणजे कॅडी. खेळाडूच्या क्लबांची पिशवी वाहायची, चेंडू कुठे पडला ते पाहायचे, अंतराचा अंदाज सांगायचा, अशी त्यांची कामे. चेंबूरमधील मैदानालगतच्या वस्त्यांतल्या कॅडींनी बांधकामावरच्या लोखंडी सळया वाकवून क्लब तयार केले आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांतच गोल्फ सुरू केला. या ‘झोपडपट्टी गोल्फ’ची दखल पुढे देशी-परदेशी माध्यमांनी घेतली.

सळईचा क्लब कुठेही फेकला तरी त्याचे काही बिघडत नाही. खऱ्या क्लबाचे तसे नाही. मैदानावर वर्षानुवर्षे हजारो फटके मारूनही शाबूत राहिलेला क्लब विमानतळावरील एका आपटीने निकामी होतो. हौशी सभासदाच्या दृष्टीने ते नुकसान मनस्तापाचे असते. कॅडीपासून व्यावसायिक खेळाडू होऊ पाहणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने मात्र ते वर्षाची संधी हुकण्यासारखे ठरते. भारतात अशी वाट चालून गेलेले खेळाडू झाले आहेत. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. ‘प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया’ २००६ मध्ये सुरू झाल्यापासून देशांतर्गत स्पर्धा वाढल्या, त्याबरोबर किट घेऊन गावोगाव फिरणेही वाढले. बहुतेकदा एकच आणि तोही वापरलेला संच जवळ असलेल्या खेळाडूला तो नीट बांधता येणे, हे खेळाइतकेच महत्त्वाचे होऊन बसते.

क्लब नेमका कुठे मोडतो?

गोल्फमध्ये संस्थेलाही क्लब म्हणतात आणि चेंडू मारण्याच्या साधनालाही. येथून पुढे हा शब्द साधनाच्या अर्थाने वापरला आहे. नियमानुसार एका फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त चौदा क्लब बाळगता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमधील नियामक संस्थेने १९३९ साली घातली. त्यापूर्वी वीस-पंचवीस क्लबांचे ओझे कॅडीच्या खांद्यावर देणारे खेळाडू होते. त्याही आधी तर पिशवीच नव्हती. कॅडी पाच-सात क्लब काखेत धरून चालत असे, पिशव्या रूढ झाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

प्रत्येक क्लबाचे तीन भाग असतात. हातात धरण्याची रबरी मूठ, लांब दांडा आणि चेंडूला लागणारे डोके. दांडा एकेकाळी हिकरीच्या लाकडाचा असे. पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली. १९७० च्या दशकात ग्राफाइटचा, म्हणजे कार्बन तंतू आणि राळ यांपासून बनवलेला हलका दांडा आला. आज लांब पल्ल्याच्या क्लबांना सर्रास ग्राफाइटचा आणि ‘आयर्न’ना बहुधा पोलादी दांडा असतो. पोलाद दाबाखाली वाकते व वाकलेले दिसते. ग्राफाइट वाकता वाकता तडकते, आणि ही तडक पुष्कळदा वरच्या रंगाखाली दडून राहते. मग स्पर्धेच्या पहिल्याच फटक्याला डोके दांड्यासह सुटून पुढे उडते!

सर्वाधिक धोका ‘ड्रायव्हर’ला असतो. तो संचातील सर्वांत लांब क्लब, सुमारे ४५ इंच म्हणजे ११४ सेंटिमीटरचा. त्याचे पोकळ डोके साधारण २०० ग्रॅमचे, आणि ते ज्या टोकावर बसवलेले असते त्या टोकाशी दांड्याचा व्यास अवघा साडेआठ मिलिमीटर. या सांध्याला ‘मान’ म्हणावे हे उत्तम. पिशवीत क्लब मुठी खाली आणि डोकी वर अशा रीतीने ठेवतात. ही पिशवी आवरणासह उलटी आपटली किंवा उभी असताना आडवी कोसळली, तर पहिला मार सर्वांत उंच डोक्याला बसतो. डोके जड, दांडा लांब आणि मान बारीक. एका टोकाला जखडलेल्या काठीच्या दुसऱ्या टोकावर दाब दिला की ती जिथे सर्वांत अशक्त तिथे मोडते. प्रवासात मोडलेले बहुतेक ड्रायव्हर मानेशीच मोडलेले असतात, त्याचे कारण हे. सरकत्या पट्ट्यावरून घरंगळताना किंवा विमानाच्या पोटात इतर सामानाखाली दबताना पडणारा आडवा दाब हे दुसरे कारण. ओरखडे, टवके यांचा क्रम फार खालचा.

म्हणूनच ‘भरपूर गुंडाळले म्हणजे सुरक्षित झाले’ ही समजूत अपुरी पडते. डोक्याभोवती कितीही मऊ कापड असले तरी उभा दाब मानेपर्यंत पोचतोच. तो दाब दुसऱ्या कशाने तरी पेलायला हवा.

आधारकाठी आणि बांधणी

हे दाब पेलणारे साधन म्हणजे ड्रायव्हरपेक्षा दोन-तीन इंच उंच अशी एक ताठ काठी. ती क्लबांच्या मधोमध पिशवीच्या तळापर्यंत रोवायची. पिशवी उलटी आपटली तरी आवरणाचे टोक प्रथम काठीवर येते, आणि धक्का काठीतून थेट पिशवीच्या तळाकडे जातो. गोल्फच्या दुकानांत यासाठी लांबी कमी-जास्त करता येणारी अ‍ॅल्युमिनियमची काठी मिळते, तिच्या माथ्यावर मऊ आडवी पट्टी असते. ती विकत घेणे परवडत नसेल तर लादी पुसण्याच्या मॉपची जाड दांडी, पीव्हीसीचा जाड नळ किंवा सरळ, भरीव बांबू मापात कापून घ्यावा आणि त्याच्या वरच्या टोकावर भोक पाडलेला टेनिसचा जुना चेंडू घट्ट बसवावा. चेंडूमुळे काठीचे टोक आवरण फाडून बाहेर येत नाही. वीस-तीस रुपयांचा बांबू पन्नास हजारांच्या क्लबाचे रक्षण करतो, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. धक्का कोणी सोसावा एवढाच येथे प्रश्न आहे. काठी कापण्यापूर्वी आवरणाची आतली लांबी मात्र मोजावी. काठी गरजेपेक्षा लांब झाली तर साखळी बसत नाही, आणि ओढूनताणून लावलेली साखळी पट्ट्यावर हमखास उसवते. गोल्फची मोठी छत्री हा काम भागवण्याचा पर्याय नव्हे. ती ड्रायव्हरहून आखूड असते.

अलीकडच्या बहुतेक ड्रायव्हरांचे डोके एका लहान पान्याने सुटे करता येते. ज्याचे तसे होते त्याने ते काढावेच. त्या आधी मानेवरील कोनाची खूण कागदावर टिपून ठेवावी किंवा तिचे छायाचित्र घ्यावे, अन्यथा परगावी डोके वेगळ्या कोनात बसते आणि फटका डावी-उजवीकडे का जातो याचा शोध घेत सकाळ वाया जाते. सुटे डोके त्याच्या आवरणात घालून, वर जाड मोजा चढवून, पिशवीच्या कपड्याच्या कप्प्यात ठेवावे. दांड्याचे उघडे टोक कापडाने बांधावे. पाना विसरू नये. हा पाना विमानाच्या केबिनमध्ये नेण्याच्या फंदात न पडता किटमध्येच टाकावा. डोके काढल्यावर ‘थ्री वूड’ हा सुमारे ४३ इंचांचा क्लब सर्वांत उंच ठरतो. त्याचेही डोके सुटे होत असेल तर तेही काढावे. पण म्हणून आधारकाठी वगळू नये, कारण मग मार हायब्रिड आणि लांब आयर्नांवर येतो.

लाकडी नाव मिरवणाऱ्या, पण आता धातूच्या असलेल्या ‘वूड’ क्लबांना त्यांची मऊ टोपरी चढवावीत. आयर्नांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची डोकी एकमेकांवर आपटून खणखणतात, आणि त्यांच्या धारदार कडा शेजारच्या ग्राफाइट दांड्याला घासतात. हे घासणे दिसायला क्षुल्लक, पण दांड्यावरचा खोल चरा म्हणजे पुढच्या तडकेची सुरुवात. एक मोठा अंघोळीचा टॉवेल घेऊन तो दांड्यांच्या मधून नागमोडी ओवावा आणि उरलेला भाग सर्व डोक्यांभोवती गुंडाळावा. मग डोक्यांच्या किंचित खाली वेलक्रोच्या पट्ट्याने किंवा कापडी नाडीने सर्व क्लब आधारकाठीसह एका जुडग्यात बांधावेत. चिकटपट्टी दांड्यावर थेट लावू नये, मुंबईच्या उकाड्यात तिचा गोंद वितळून राहतो आणि काढताना रंगही निघतो. सुतळी दांड्याला काचते. पटर लहान असला तरी तो जुडग्याच्या मध्यभागी असावा, कारण त्याच्या मुखावरचा लहानसा टवकाही चेंडूची दिशा बदलू शकतो.

यानंतर पिशवीची पावसाळी टोपी बसवून बटणे लावावीत आणि आवरण व पिशवी यांच्यातील मोकळी जागा मऊ कपड्यांनी भरावी. स्वेटर, पावसाळी जाकीट, विजारी, काही नसेल तर जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे. मोकळ्या जागेत क्लब हलतो आणि हललेला क्लबच आपटतो. बूट तळाशी, चाकांच्या बाजूला ठेवावेत. काही विमान कंपन्या गोल्फच्या पिशवीत फक्त गोल्फचेच साहित्य असावे असा आग्रह धरतात, तेव्हा कपडे भरण्यापूर्वी त्या कंपनीचा नियम पाहून घ्यावा.

बांधून झाले की एक साधी परीक्षा घ्यावी. आवरण बंद करून पिशवी उभी धरावी आणि हळूच हलवावी. आतून धातूचा आवाज आला तर पुन्हा उघडावी.

कडक पेटी की कापडी आवरण?

कडक प्लास्टिकची पेटी आडवा दाब उत्तम पेलते, याबद्दल वाद नाही. पण तिला दोन दोष आहेत, वजन आणि आकार. हिशेब करून पाहावा. चौदा क्लब मिळून साधारण साडेपाच किलो. पाय उघडणारी हलकी पिशवी सव्वादोन-अडीच किलो. कापडी आवरण तीन-चार किलो, तर कडक पेटी पाच-सहा किलो किंवा अधिक. डझनभर चेंडू अर्ध्या किलोहून थोडे जास्त, बूट एक किलो. कापडी आवरणात एकूण ओझे तेरा किलोच्या आसपास राहते, पेटीत ते पंधराला जाऊन भिडते. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांच्या सर्वसाधारण तिकिटावर पंधरा किलो सामान मोफत असते. म्हणजे पेटी घेणाऱ्याला कपड्यांच्या बॅगेसाठी जादा वजनाचे पैसे मोजावे लागतात. खेरीज रिकामी पेटी हॉटेलच्या लहान खोलीत आणि मुंबईतल्या त्याहून लहान घरात ठेवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. देशांतर्गत फिरणाऱ्याने डोक्याकडील भागात जाड फोम असलेले चाकांचे कापडी आवरण आणि आधारकाठी यांवर विसंबावे, आणि दोन-तीन विमाने बदलून परदेशी जाणाऱ्याने पेटीचा विचार करावा, हेच व्यवहाराचे. मात्र कापडी आवरणातील क्लब मोडल्यास जबाबदारी घेणार नाही, असे काही कंपन्या आपल्या अटींत लिहितात. तिकीट काढतानाच ही अट वाचलेली बरी.

घरापासून विमानतळापर्यंत

सव्वाशे-एकशेतीस सेंटिमीटर लांबीचे बोचके गोवंडीहून सहारला न्यायचे म्हणजे पहिली कसोटी रस्त्यावरच लागते. रिक्षात ते आडवे मावत नाही, टोक बाहेर राहते, आणि बाहेर राहणारे टोक बहुधा डोक्यांचेच असते. तिरपे ठेवून डोकी आतल्या बाजूस आणि मुठी बाहेर अशी रचना करावी. मुंबईच्या टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळे उरलेल्या जागेत हे बोचके कोंबण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. पुढची सीट मागे पाडून त्यावर आडवे ठेवणे किंवा आरंभीच मोठी गाडी मागवणे श्रेयस्कर. टपावरील कॅरियरवर बांधायचे झाल्यास पिशवीवर दुसरे सामान रचू नये. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये खुला झाल्यापासून पूर्व उपनगरांतून विमानतळ जवळ आला, पण खड्ड्यांतून उसळणाऱ्या गाडीत मोकळे क्लब विमानातल्याइतकेच खिळखिळे होतात. तेव्हा बांधणी विमानतळावर पोचून करू असे म्हणू नये.

स्वतःच्या गाडीने पुण्याला किंवा लोणावळ्याकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीच्या डिकीत क्लब दिवसचे दिवस ठेवू नयेत. डोके आणि दांडा जोडणारा इपॉक्सी हा डिंक उष्णतेने सैल होतो. डोके बदलताना कारागीर सांध्याला आच देतात ती याच गुणामुळे. रबरी मुठीही उन्हाने कोरड्या पडून निसरड्या होतात.

विमानतळावर

गोल्फचे क्लब भारतात केबिनमध्ये नेता येत नाहीत. क्रिकेटची बॅट आणि हॉकी स्टिक यांच्याबरोबर त्यांचाही निषिद्ध वस्तूंच्या यादीत समावेश आहे, तेव्हा एकुलता एक आवडता पटर हातात घेऊन जाण्याची विनंती सुरक्षा तपासणीत फेटाळली जाईल. अंतर मोजण्याची लेसर दुर्बीण, तिची सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक यांचे उलट आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक नोंदवलेल्या सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच ठेवाव्या लागतात. विजेवर चालणाऱ्या ट्रॉलीची मोठी बॅटरी असेल तर कंपनीला आधी कळवणे आवश्यक आहे.

आपल्याबरोबर गोल्फचे किट आहे हे तिकीट काढताना किंवा किमान दोन दिवस आधी कंपनीला कळवावे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत एका नगाची लांबी, रुंदी व उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा सर्वसाधारणपणे असते आणि गोल्फची पिशवी ती सहज ओलांडते. पुष्कळ कंपन्या क्रीडासाहित्य म्हणून सवलत देतात, पण गृहीत धरू नये. कोणत्याही एका नगाचे वजन ३२ किलोंपलीकडे जाता कामा नये. नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी जाणाऱ्या लहान एटीआर विमानांत सामानाची जागा मुळातच बेताची. विमान भरलेले असल्यास लांब नग मागे राहू शकतो. स्पर्धा असेल तर आदल्या दिवशीचे नव्हे, त्याच्याही आदल्या दिवशीचे विमान पकडावे.

काउंटरवर नेहमीच्या पट्ट्याऐवजी मोठ्या आकाराच्या सामानाच्या खिडकीकडे पाठवतात. ते त्रासाचे वाटले तरी हिताचे आहे. नेहमीच्या पट्ट्याच्या वळणावर लांब पिशवी अडकते आणि मागचे सामान तिच्यावर येऊन आदळते. क्ष-किरण तपासणीत शंका आल्यास पिशवी उघडली जाऊ शकते. उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला पुन्हा तशीच बंद करता यावी इतकी बांधणी सरळ असावी. वरच्या बाजूस ‘आधारकाठी परत जागेवर ठेवावी’ अशी इंग्रजी व हिंदीत मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी ठेवण्याची काही अनुभवी खेळाडूंची पद्धत अनुकरणीय आहे. ‘फ्रॅजाइल’ची लाल चिठ्ठी लावून घ्यायला हरकत नाही, पण त्यासोबत ‘मर्यादित जबाबदारी’च्या पावतीवर सही मागितली तर ती वाचल्यावाचून करू नये. तिने नाजूक वस्तूच्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क आकसतो.

सामान मागे राहण्याची भीती काल्पनिक नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात मनुष्यबळाच्या तुटवड्याने युरोपातील विमानतळ विस्कळीत झाले, तेव्हा सेंट अ‍ॅण्ड्र्यूजला भरलेल्या दीडशेव्या ब्रिटिश ओपनच्या सुमारास अनेकांची गोल्फची किट दिवसेंदिवस बेपत्ता होती. तेव्हापासून पिशवीत नाण्याएवढे ठावठिकाणा सांगणारे यंत्र टाकण्याची पद्धत वाढली. हातमोजे, खेळाचे बूट आणि दोन-तीन चेंडू हातातल्या बॅगेत असावेत. क्लब भाड्याने वा उसने मिळतात, पायात नीट बसणारे बूट मिळत नाहीत.

मोडलेच तर भरपाई किती?

येथेच एकच संच असलेल्या खेळाडूचा खरा प्रश्न उभा राहतो. देशांतर्गत विमानप्रवासात नोंदवलेले सामान हरवणे, उशिरा मिळणे किंवा खराब होणे यासाठी कंपनीची कमाल जबाबदारी एका प्रवाशामागे वीस हजार रुपये आहे. नामांकित कंपनीच्या नव्या ड्रायव्हरची किंमत आज पन्नास हजारांच्या घरात जाते. म्हणजे संपूर्ण संच गेला तरी मिळणाऱ्या पैशांत अर्धा ड्रायव्हरही येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. या करारातील सामानाविषयीची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ ‘विशेष आहरण अधिकार’ अशी झाली. हे नाणेनिधीचे हिशेबी एकक आहे. रुपयांत ही रक्कम दीड लाखाहून अधिक भरते. तीही कमाल मर्यादा आहे, ठरीव रक्कम नाही. नुकसान सिद्ध करावे लागते, आणि सामानातील मूळच्या दोषामुळे झालेल्या हानीस कंपनी बांधील नसते. वापरून जीर्ण झालेल्या दांड्याविषयी कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. सामान देताना विशेष मूल्य घोषित करून जादा आकार भरला तर मर्यादा वाढते, ही तरतूद करारात आहे, पण तिचा उपयोग फार थोडे प्रवासी करतात.

त्यामुळे पुरावा जपणे प्रवाशाच्याच हाती. निघण्यापूर्वी प्रत्येक क्लबाचे, त्याच्या मानेवरील क्रमांकासह छायाचित्र घ्यावे. खरेदीच्या पावत्या, जुन्या संचाच्या बाबतीत विक्रेत्याची साधी लेखी पावतीसुद्धा, एका ठिकाणी ठेवावी. किटचा वेगळा विमा उतरवला असल्यास त्यात प्रवासातील मोडतोड अंतर्भूत आहे की केवळ चोरी, हे तपासावे.

मुक्कामी पोचल्यावर सामानाच्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वी आवरण उघडून क्लब पाहणे अत्यंत आवश्यक आहे. रांगेचा आणि टॅक्सीचा विचार करून बहुतेक जण हे टाळतात. मानेजवळची काळी कडी जागेवर आहे काय, दांड्यावर आडवी रेघ उमटली आहे काय, ते पाहावे. डोके एका हाताने व दांडा दुसऱ्या हाताने धरून अगदी हलके पिळावे. कर्र असा आवाज आला तर तो क्लब वापरू नये. दोष आढळताच तेथील कंपनीच्या कक्षात लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. माँट्रियल करारानुसार सामान खराब झाल्याची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची एकवीस दिवसांत करावी लागते, दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. पण दालनाबाहेर गेल्यावर मोडतोड विमानात झाली की टॅक्सीत, हा वाद उभा राहतो.

परदेशी जाताना आणखी एक कागद हाती असावा. महागडा संच बाहेर नेऊन परत आणायचा असेल तर जाण्यापूर्वी विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे तो दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परततांना तो तेथेच विकत घेतला असे समजून शुल्क आकारले जाण्याचा धोका त्याने टळतो. त्यासाठी काउंटरवर सामान देण्यापूर्वीच वेळ काढावा लागतो, किट पट्ट्यावर गेल्यानंतर दाखवणार काय? ऐनवेळी निघावे लागले तर ही कामे राहून जातात. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिओने माघार घेतल्याने पुण्याच्या उदयन मानेला टोकियो ऑलिम्पिकचे बोलावणे आले, तेव्हा जुलै २०२१ उजाडला होता आणि स्पर्धा त्याच महिन्याच्या अखेरीस होती. क्रमांक आणि पावत्या आधीच जुळवून ठेवलेल्या असल्या की अशा घाईत निदान कागदांसाठी धावपळ होत नाही.

आगगाडीने जाताना

गोवंडीहून लोकमान्य टिळक टर्मिनस विमानतळापेक्षाही जवळ आहे, आणि खिशाचा विचार करणारा खेळाडू आगगाडीच पसंत करतो. तेथे आपले सामान आपणच उचलतो, त्यामुळे आपटण्याचे भय कमी. अडचण लांबीची आहे. डब्यात न्यावयाच्या पेट्यांसाठी रेल्वेने १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर ही मर्यादा घातली आहे, त्यापेक्षा मोठा नग ब्रेकव्हॅनमधून नोंदवून न्यावा असा नियम आहे. ब्रेकव्हॅन म्हणजे पार्सलांची रास, तेथे क्लब विमानासारखेच बांधावे लागतात. वजनाची अडचण येत नाही. शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत चाळीस किलो, द्वितीय श्रेणीत पस्तीस किलो सामान मोफत असते. डब्यातच न्यायची वेळ आली तर पिशवी खालच्या बर्थखाली, डोकी भिंतीकडे व मुठी वाटेकडे अशी सरकवावी आणि साखळीने बांधावी. रात्री चढणारा प्रवासी आपली पत्र्याची ट्रंक जोराने आत ढकलतो, तेव्हा वाटेकडच्या बाजूला रबरी मुठी असल्या तर बिघडत नाही. लोकलने टर्मिनसपर्यंत जायचे तर गर्दीची वेळ टाळून, लगेजचे तिकीट काढून सामानाच्या डब्यातून जावे.

घरी परतल्यावर किट आवरणातच ठेवून देण्याचा मोह पावसाळ्यात महागात पडतो. ओला टॉवेल, दमट कापड आणि बंद साखळी यांच्या संगतीत पोलादी दांड्यांवर आठवड्याभरात गंजाचे ठिपके येतात, चामडी हातमोज्याला बुरशी धरते. सर्व क्लब बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसावेत, पिशवी पंख्याखाली उघडी ठेवावी, ड्रायव्हरचे डोके टिपून ठेवलेल्या खुणेवर पुन्हा बसवावे आणि पान्याचा खट् आवाज येईपर्यंत स्क्रू आवळावा.